पहिल्याच हंगामात विजेतेपद : लंडन मोनार्क्स, १९९१

गवताळ पट्टा

९ जून १९९१ रोजी लंडनच्या जुन्या वेम्बली मैदानावर ६१,१०८ प्रेक्षकांसमोर लंडन मोनार्क्स या अमेरिकन फुटबॉल संघाने बार्सिलोना ड्रॅगन्सचा २१–० असा पराभव केला आणि पहिलावहिला ‘वर्ल्ड बाऊल’, म्हणजे एका नव्या लीगचा अंतिम सामना, जिंकला. त्या वर्षीच्या मार्च महिन्यापर्यंत या संघाने एकही सामना खेळलेला नव्हता. अमेरिकन फुटबॉलच्या युरोपातील इतिहासाविषयी मराठीत फारसे लिहिलेले आढळत नाही, म्हणून या एका हंगामापुरता हा धागा काढत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये हा खेळ घरोघरी पोहोचला तो १९८२ साली सुरू झालेल्या चॅनल फोर या वाहिनीमुळे. त्या वाहिनीने एनएफएल या अमेरिकेतील मुख्य व्यावसायिक लीगच्या सामन्यांचे क्षण दर आठवड्याला दाखवायला सुरुवात केली आणि पाहता पाहता एक तरुण प्रेक्षकवर्ग तयार झाला. ऑगस्ट १९८६ मध्ये शिकागो बेअर्स आणि डॅलस काउबॉइज हे संघ वेम्बलीवर हंगामपूर्व सराव सामना खेळायला आले, तेव्हा ८२,६९९ लोक आले होते. ज्याच्या निकालाला काहीही किंमत नाही अशा सामन्याला एवढी गर्दी होते, हे पाहून अमेरिकेतील संघमालकांच्या तोंडाला पाणी सुटले असल्यास नवल नाही. पुढे एनएफएलच्या २८ पैकी २६ संघांच्या पाठबळावर ‘वर्ल्ड लीग ऑफ अमेरिकन फुटबॉल’ उभी राहिली. तिच्यात दहा संघ होते. लंडन, बार्सिलोना आणि फ्रँकफर्ट हे तीन युरोपात, मॉन्ट्रियल कॅनडात आणि उरलेले सहा अमेरिकेत. म्हणजे काटेकोरपणे बोलायचे तर १९९१ ची ही लीग दोन खंडांवर पसरलेली होती. पुढे तीच केवळ युरोपापुरती उरली आणि ‘एनएफएल युरोप’ या नावाने ओळखली गेली.

खेळाडू आले कुठून, हा भाग मला सर्वांत रंजक वाटतो. लंडनमध्ये आधीपासून असलेल्या एखाद्या क्लबाला बढती मिळाली, असे येथे घडले नाही. फेब्रुवारी १९९१ मध्ये फ्लोरिडातील ऑर्लँडो येथे सगळे खेळाडू एकत्र जमवण्यात आले आणि दहाही संघांनी त्यांतून आळीपाळीने निवड केली. निवडही मैदानावरील जागेनुसार झाली. एका जागेवर खेळणारे सगळे वाटून झाले की मग दुसरी जागा. मोबदला लीगनेच ठरवलेला होता. क्वार्टरबॅकला (आक्रमणाची सूत्रे हलवत चेंडू फेकणाऱ्याला) हंगामाचे २५,००० डॉलर, किकरला (चेंडूला लाथ मारणाऱ्याला) १५,००० आणि बाकीच्या बहुतेकांना २०,००० डॉलर, आणि त्याखेरीज कामगिरीनुसार बक्षीस. एनएफएलने ज्यांना घेतले नव्हते किंवा घेऊन सोडून दिले होते, असे हे पंचविशीच्या आतबाहेरचे तरुण होते. अशा गोळा केलेल्या मंडळींना काही आठवड्यांत ‘लंडनचा संघ’ व्हायचे होते, आणि त्यांतील बहुतेकांनी तोवर लंडन पाहिलेलेही नसावे.

प्रशिक्षक लॅरी केनन हे लॉस एंजेलिस रेडर्स संघात क्वार्टरबॅकचे प्रशिक्षक राहिलेले होते आणि त्या संघाने जानेवारी १९८४ चा सुपर बाऊल (एनएफएलचा अंतिम सामना) जिंकला तेव्हा ते त्यांच्या ताफ्यात होते. त्यांच्या हाती स्टॅन गेलबॉ हा क्वार्टरबॅक लागला. बफेलो बिल्सकडे काही वर्षे राखीव म्हणून काढलेल्या या खेळाडूने त्या दहा सामन्यांत २,६०० हून अधिक यार्ड चेंडू फेकला आणि लीगमधील सर्वोत्तम आक्रमक खेळाडूचा मान मिळवला. चेंडू घेऊन धावणाऱ्या जड (Judd) गॅरेट याने धावण्यापेक्षा झेलण्यातच अधिक नाव कमावले. ७१ झेलांसह तो साऱ्या लीगमध्ये पहिला होता. लांब पल्ल्याचे धाडस न करता जवळच मोकळ्या उभ्या असलेल्या माणसाकडे चेंडू सोपवायचा, पाच-सहा यार्ड घ्यायचे आणि पुन्हा तेच करायचे, ही केनन यांची रीत होती. ऐकायला ती कंटाळवाणी वाटते, पण जेमतेम महिनाभर एकत्र असलेल्या संघाकडून चुका कमी करून घ्यायच्या असतील तर तिच्याइतकी शहाणपणाची रीत दुसरी नव्हती.

२३ मार्चला फ्रँकफर्टमध्ये फ्रँकफर्ट गॅलक्सीला २४–११ असे हरवून त्यांनी सुरुवात केली. त्यानंतर हा संघ ओळीने जिंकतच गेला. साखळीतील पहिले नऊ सामने त्यांनी जिंकले आणि दहाव्यात, वेम्बलीवरच, बार्सिलोनाने त्यांना २०–१७ असे हरवले. उपांत्य सामना त्यांना न्यू जर्सीतील जायंट्स स्टेडियमवर, न्यूयॉर्क–न्यू जर्सी नाइट्सच्या घरी जाऊन खेळावा लागला आणि तो त्यांनी ४२–२६ असा जिंकला.

अंतिम सामन्यात पुन्हा बार्सिलोनाच समोर उभे राहिले. गेलबॉने जॉन हॉर्टनला फेकलेल्या पासवर ५९ यार्डांचा टचडाउन झाला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात पोहोचला. मग बचावफळीतील डॅन क्रॉसमन याने बार्सिलोनाचा पास मध्येच अडवला आणि चेंडू घेऊन तो थेट गोलक्षेत्रात शिरला. तिसरा टचडाउन गॅरेटचा. क्रॉसमनने त्या दिवशी तीन पास अडवले आणि सामन्याचा मानकरी तोच ठरला. ज्या संघाने पंधरवड्यापूर्वी आपल्याविरुद्ध २० गुण केले होते त्याला शून्यावर रोखणे, हे मला त्या साऱ्या हंगामातील सर्वांत मोठे काम वाटते.

चर्चेसाठी माझा मुद्दा असा आहे, की या यशाकडे ‘नवख्यांचा चमत्कार’ म्हणून पाहिले जाते ते मला पटत नाही. दहाही संघ नवखेच होते, त्यामुळे पहिल्या हंगामात कोणीतरी नवखाच जिंकणार होता. त्या विजेतेपदाचे मोल दुसऱ्याच कुठल्या मोजपट्टीने करावे लागेल.

---

अर्धविराम

धागा आवडला. शेवटच्या परिच्छेदातील मुद्द्याशी मी सहमत आहे, मात्र त्यात थोडी भर घालतो. दहाही संघ नवे होते हे खरे असले, तरी सगळे सारख्याच तयारीचे होते असे साखळीचे तक्ते सांगत नाहीत. लंडन ९ विजय, बार्सिलोना ८ आणि फ्रँकफर्ट ७, असे तिन्ही युरोपीय संघ वर होते. समुद्रापलीकडच्या सातही संघांपैकी एकालाही पाचाहून अधिक विजय मिळवता आले नाहीत, आणि रॅले–डरहॅम स्कायहॉक्स हा संघ तर दहाच्या दहा सामने हरला. पुढच्या वर्षी तो संघच उरला नाही.

यातील गंमत अशी, की गटांच्या रचनेमुळे ७ विजय मिळवणारे फ्रँकफर्ट घरी बसले आणि ५ विजय व ५ पराभव असलेले बर्मिंगहॅम (अमेरिकेतील अलाबामा राज्यातले) व न्यूयॉर्क हे आपापल्या गटात पहिले येऊन बाद फेरीत पोहोचले. त्यावर कडी म्हणजे उपांत्य सामने या दोघांच्याच घरी झाले. नऊ सामने जिंकलेल्या लंडनने पाच सामने जिंकलेल्या संघाच्या दारात जायचे, ही रचना कोणत्याही निकषावर न्याय्य ठरत नाही. त्यामुळे ते ४२–२६ मला अंतिम सामन्यापेक्षाही अधिक मोलाचे वाटते.

---

बोरिवली लोकल

मला या खेळातले फारसे कळत नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे, नाही जमले तर चेंडू समोरच्याकडे, एवढे समजले आहे. माझा प्रश्न असा, की युरोपीय संघांतही जर बहुतेक खेळाडू अमेरिकनच होते, तर अमेरिकेतील संघ एवढे मागे का पडले? सगळे एकाच बाजारातून आले होते ना?

---

पाचवा पंच

@बोरिवली लोकल, प्रश्न अगदी नेमका आहे. याचे एकच असे उत्तर देता येणार नाही, पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली म्हणजे प्रेक्षक. लंडनच्या घरच्या सामन्यांना सरासरी चाळीस हजारांच्या घरात लोक येत होते. पहिल्याच घरच्या सामन्याला, म्हणजे ३१ मार्चला, न्यूयॉर्क–न्यू जर्सीविरुद्ध ४६,९५२ लोक होते आणि लंडनने तो २२–१८ असा जिंकला. अमेरिकेतील शहरांना एनएफएल आणि महाविद्यालयीन फुटबॉल असताना वसंत ऋतूत या दुय्यम लीगचे आकर्षण का वाटावे? रिकाम्या पायऱ्यांसमोर खेळणे आणि भरल्या मैदानात खेळणे यांत फरक पडतोच.

दुसरी गोष्ट प्रवासाची. अमेरिकेतून युरोपात सामना खेळायला येणाऱ्या संघाला लांबचे विमान, बदललेली झोप आणि परके मैदान या तिन्हींना तोंड द्यावे लागे. युरोपीय संघांनाही उलट दिशेने तेच करावे लागे हे मान्य, परंतु त्यांचा मुक्काम एकत्र असे, दिवसभर एकमेकांचीच सोबत असे, आणि परक्या देशात राहणारे खेळाडू लवकर एकजीव होतात. हा माझा तर्क आहे. त्याला आकड्यांचा आधार नाही.

---

टेकडीवरून

स्थानिक खेळाडूंचा उल्लेख राहून गेला. प्रत्येक संघात थोडे तरी बिगर-अमेरिकन खेळाडू असावेत असा लीगचा आग्रह होता. मोनार्क्सकडे व्हिक्टर एबुबेडिके हा लंडन रेव्हन्सकडून नाव कमावलेला ब्रिटिश धावपटू होता. त्याहून महत्त्वाचा म्हणजे किकर फिल अलेक्झांडर. हा मूळचा आपल्या ओळखीच्या फुटबॉलमधला माणूस, नॉर्विच सिटीकडे राहिलेला. पुढे क्रिस्टल पॅलेस या फुटबॉल क्लबाचा मुख्य कार्यकारी अधिकारी झाला. युरोपीय माणसाला या खेळात सर्वांत सहज प्रवेश मिळतो तो लाथ मारण्याच्या कामातूनच, हे त्या लीगने दाखवून दिले. बाकीच्या जागांवर मात्र ब्रिटिश खेळाडूंना बहुतेक वेळ बाजूलाच उभे राहावे लागले. लंडनच्या नावाने जिंकलेला हा संघ लंडनचा किती होता, हा प्रश्न त्यामुळे विचारलाच पाहिजे.

---

गवताळ पट्टा

@टेकडीवरून, तो प्रश्न मलाही पडलेला आहे, आणि त्याचे उत्तर पुढच्याच वर्षी मिळाले असे मला वाटते. १९९२ मध्ये केनन सिएटल सीहॉक्सकडे गेले. मोनार्क्सची कामगिरी २ विजय, ७ पराभव आणि १ बरोबरी अशी घसरली. प्रेक्षकही मोठ्या प्रमाणावर ओसरले. नगण्य मानल्या गेलेल्या सॅक्रमेंटो सर्जने, जे आदल्या वर्षी तीनच सामने जिंकले होते, मॉन्ट्रियलमध्ये झालेल्या अंतिम सामन्यात ऑर्लँडो थंडरला २१–१७ असे हरवून चषक नेला. आणि त्या हंगामानंतर लीगच बंद ठेवण्यात आली. विजेत्या संघाखाली क्लबाचा पाया नव्हता. कनिष्ठ संघ नव्हते, स्वतःचे मैदान नव्हते, पुढच्या फळीतील खेळाडू घडवणारी व्यवस्था नव्हती. जे काही होते ते वरून आले होते आणि वरून परतही घेतले गेले.

१९९५ मध्ये लीग सहा युरोपीय संघांसह पुन्हा सुरू झाली तेव्हा मोनार्क्सला वेम्बलीऐवजी टॉटनहॅमच्या व्हाइट हार्ट लेनवर खेळावे लागले. तेथे नियमाप्रमाणे १०० यार्ड लांबीचा पट्टा बसत नव्हता, म्हणून तो ९३ यार्डांवर भागवला होता! १९९६ मध्ये विल्यम पेरी या अवाढव्य देहाच्या, ‘रेफ्रिजरेटर’ या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या माजी शिकागो बेअर्स खेळाडूला आणून गर्दी खेचण्याचाही प्रयत्न झाला. १९९८ मध्ये नाव बदलून ‘इंग्लंड मोनार्क्स’ केले गेले आणि त्याच हंगामानंतर संघ संपला. त्याची जागा बर्लिन थंडरने घेतली.

---

सांगलीकर

क्रिकेटच्या चाहत्यांसाठी एक दाखला देतो. २००८ च्या आयपीएलमध्ये राजस्थान रॉयल्स जिंकले तेव्हा सगळेच संघ पहिल्यांदा खेळत होते. २०२२ मध्ये गुजरात टायटन्सने पहिल्याच हंगामात चषक उचलला तेव्हा समोर चौदा-पंधरा वर्षे मुरलेले संघ उभे होते. दोन्हींना आपण ‘पदार्पणात विजेतेपद’ म्हणतो, पण धागाकर्त्यांच्या मोजपट्टीने पाहिले तर या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. युरोपात या दुसऱ्या प्रकारचे उदाहरण आहे का?

---

अर्धविराम

@सांगलीकर, आहे, आणि योगायोगाने तेही २०२२ चेच आहे. एनएफएलची युरोपीय लीग जून २००७ मध्ये कायमची बंद पडली. त्यानंतर २०२१ मध्ये ‘युरोपियन लीग ऑफ फुटबॉल’ आठ संघांसह सुरू झाली. पहिल्या वर्षी फ्रँकफर्ट गॅलक्सी जिंकले. ड्युसेलडॉर्फमधील अंतिम सामन्यात त्यांनी हॅम्बुर्ग सी डेव्हिल्सला ३२–३० असे हरवले. ते तुमच्या राजस्थानसारखे, कारण लीग नवी आणि सगळे नवे. नावे मात्र जुनी होती. फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग, बर्लिन, बार्सिलोना आणि कोलोन यांची नावे एनएफएल युरोपच्या काळातून उचलली होती.

दुसऱ्या वर्षी व्हिएन्ना व्हायकिंग्ज लीगमध्ये आले, साखळीतील १२ पैकी १० सामने जिंकले आणि २५ सप्टेंबर २०२२ रोजी क्लागनफुर्ट येथे हॅम्बुर्गला २७–१५ असे हरवून विजेते झाले. बिचाऱ्या हॅम्बुर्गचा तो सलग दुसरा पराभूत अंतिम सामना. वर्षभर आधीपासून खेळणारे संघ मागे टाकून जिंकले, म्हणून हे गुजरातच्या जवळ जाते. अर्थात एका वर्षाचा अनुभव म्हणजे काही मुरणे नव्हे.

---

पाचवा पंच

व्हिएन्नाला नवखे म्हणायला माझी हरकत आहे. हा क्लब १९८३ पासून चालू आहे. ऑस्ट्रियातील लीगमध्ये त्यांनी अनेकदा विजेतेपद मिळवले आहे आणि युरोपीय क्लबांची युरोबाऊल ही स्पर्धा त्यांनी २००४ ते २००७ अशी सलग चार वेळा व पुन्हा २०१३ मध्ये जिंकली होती. प्रशिक्षक ख्रिस कॅलेके त्या क्लबाला वर्षानुवर्षे ओळखत होते. या क्लबाकडे शाळकरी मुलांपासून वरपर्यंत संघ आहेत. लीग त्यांच्यासाठी नवी होती. ते स्वतः नवे नव्हते.

आणखी एक फरक आहे. २०२२ च्या नियमांनुसार अमेरिकन खेळाडूंच्या संख्येवर कडक मर्यादा होती आणि मैदानात एका वेळी दोनच उतरवता येत. म्हणजे उरलेले नऊ युरोपीयच. सामने तिथल्याच मुलांनी जिंकायचे होते, आणि ज्याच्याकडे मुले घडवण्याची जुनी व्यवस्था आहे त्याचे पारडे जड होणार हे उघड आहे. १९९१ च्या लंडनच्या नेमके उलटे.

---

टेकडीवरून

म्हणजे एकीकडे मुळाशिवाय आलेले फूल आणि दुसरीकडे जुन्या झाडाला नव्या अंगणात आलेला मोहर. तरीही एक गोष्ट मोनार्क्सच्या बाजूने सांगितली पाहिजे. ६१ हजार लोकांनी त्या दिवशी वेम्बलीवर तिकीट काढले होते ते लंडनच्या संघासाठी, अमेरिकेहून पाहुणे आलेल्या दोन प्रसिद्ध संघांसाठी नव्हे. व्हिएन्नाने जिंकलेल्या अंतिम सामन्याला त्याच्या पासंगालाही पुरेल एवढी गर्दी नव्हती.

---

दुसरा डाव

विषयाला धरून एक छोटी भर. पदार्पणाच्या हंगामातील विजेतेपदाचा या खेळातला एक मान पुण्याच्या नावावरही आहे. ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ या स्पर्धेचा पहिला हंगाम २०१२ मध्ये कोलंबोत खेळवला गेला आणि अंतिम सामन्यात पुणे मराठाजने दिल्ली डिफेंडर्सला हरवले. तिथेही सगळे नवे, सगळे वरून उभारलेले, आणि पुढे काय झाले ते येथील किती पुणेकरांना या संघाचे नाव ठाऊक आहे यावरून कळेल.

---

बोरिवली लोकल

मी पुण्यात सहा वर्षे काढली, तरी हे नाव प्रथमच ऐकतो आहे. आता एकच शंका उरली. मोनार्क्सच्या त्या खेळाडूंचे पुढे काय झाले? आणि लीग बंद पडली तर एनएफएलच्या हाती काहीच लागले नाही का?

---

गवताळ पट्टा

@बोरिवली लोकल, गेलबॉ त्यानंतर एनएफएलमध्ये परतला आणि १९९२ मध्ये सिएटलकडून खेळला, तेथे केनन होतेच. बचावपटू डेड्रिक डॉज याने तर सॅन फ्रान्सिस्को आणि डेन्व्हर अशा दोन संघांबरोबर सुपर बाऊल जिंकले. गॅरेट प्रशिक्षणाकडे वळला. त्याचा भाऊ जेसन, जो १९९१ मध्ये याच लीगमध्ये सॅन अँटोनियो रायडर्सकडून खेळत होता, पुढे डॅलस काउबॉइजचा मुख्य प्रशिक्षक झाला. क्रॉसमनने एनएफएलमधील अनेक संघांत विशेष पथकांचा (किकच्या वेळी उतरणाऱ्या खेळाडूंचा) प्रशिक्षक म्हणून दीर्घकाळ काम केले.

एनएफएलच्या हाती काय लागले, तर बरेच काही. टचडाउननंतर दोन गुणांचा प्रयत्न करण्याची मुभा आणि प्रशिक्षकाला क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात थेट बोलता येणारा रेडिओ, या दोन्ही गोष्टी या लीगमध्ये आधी वापरल्या गेल्या आणि १९९४ मध्ये एनएफएलने त्या स्वीकारल्या. लंडनच्या प्रेक्षकांविषयीचा अंदाजही त्यांनी सोडला नाही. २००७ मध्ये नव्या वेम्बलीवर न्यूयॉर्क जायंट्स आणि मायामी डॉल्फिन्स यांच्यात साखळीतील खरा सामना झाला, आणि २०१९ मध्ये टॉटनहॅमने व्हाइट हार्ट लेनच्या जागी उभारलेल्या नव्या स्टेडियममध्ये गवताखाली अमेरिकन फुटबॉलसाठी वेगळे कृत्रिम मैदान बसवले. त्यावर पट्टा पूर्ण १०० यार्डांचा आहे.

@टेकडीवरून, गर्दीचा मुद्दा मान्य. पण तीच गर्दी वर्षभरात पातळ झाली, आणि व्हिएन्नाचा क्लब १९८३ पासून चालू आहे. त्यामुळे दोहोंतून एक विजेतेपद निवडायचे झाले तर मी व्हिएन्नाचे निवडीन. संघ कोणता निवडायचा असे विचारलेत, तर क्रॉसमन असलेली ती बचावफळी.